शाकारलेल्या राशी

डोंबिवली पूर्व
१२ जानेवारी २०२५

गोदा,

सप्रेम जय भीम. गुडघा कसा आहे?

नव्या वर्षातला पहिला सिनेमा काल पाहिला, 'फ्लॅट नंबर तेराशे चार'. तिकीट आमच्या नातीने, अमृताने, मोबाइलवर काढून दिलं आणि वर बजावलं, "आजोबा, थिएटरात मोठ्याने मतं द्यायची नाहीत." मी दिली नाहीत. फक्त दोनदा उसासा टाकला, तर पुढची मुलगी मागे वळून बघायला लागली.

गोष्ट अशी. नवीन लग्न झालेलं जोडपं टॉवरमध्ये राहायला जातं. स्वयंपाकघरातला नळ आपोआप सुरू होतो. बायकोला भिंतीतून कुणी रडताना ऐकू येतं. नवरा म्हणतो, इथे काही नाही, तुला झोप कमी पडते. मग कळतं की आधी तिथे एक मुलगी भाड्याने राहत होती आणि एक दिवस ती नाहीशी झाली. इथवर ठीक. पण दर वेळी भूत यायच्या आधी असा दणदणाट, की शेजारच्या माणसाचे पॉपकॉर्न माझ्या मांडीवर सांडले. अगं, भूत आहे की वरात?

मी आणि तुझ्या दादाने, रघूने, कल्याणला 'विझलेला कंदील' पाहिला होता. त्यात एक बाई येते, कंदिलात तेल घालते, काच पुसते आणि निघून जाते. ती गेल्यावर आपल्याला आठवतं, की ही तर पहिल्या रिळातच मेली होती. संगीत नाही, किंचाळी नाही. रघूने माझा हात धरला तो स्टेशन येईपर्यंत सोडला नाही, आणि वर मलाच म्हणाला की तू घाबरलास. मेलेलं माणूस वाजतगाजत येत नाही, रोजच्या कामाला आल्यासारखं येतं. जुन्या लोकांना हे माहीत होतं.

नव्यातली नायिका मात्र चांगली आहे. तिचे हात बोलतात. नायकाचा सगळा अभिनय दाढीवर चाललाय.

शेवटी ती बायको नळ उघडा ठेवून त्याच्यासमोर बसते आणि भिंतीतल्या आवाजाला विचारते, तुला काय सांगायचंय? मी इथे थांबतो. शेवट नेहमीप्रमाणे तुझ्याकडे.

सीताराम रोकडे


कोपरी, ठाणे पूर्व
२१ जानेवारी २०२५

सीतारामभाऊ,

नमस्कार. गुडघा आहे तसाच आहे, माझं ऐकत नाही. रमावहिनींना विचारल्याचं सांगा.

दर्शना म्हणते, "आई, तुम्ही दोघं फोनवर का बोलत नाही? आजकाल पत्रं कोण लिहितं?" मी म्हटलं, फोनवर तू ऐकतेस. सून आहे चांगली, पण कान तिखट आहेत.

तुम्हाला आठवतंय का? आमचे हे गेले तेव्हा तुम्ही भेटायला आला होतात. मी म्हटलं, एखाद्या सिनेमाची गोष्ट सांगा, दादा सांगायचा तशी. तुम्हाला तिथे जमलं नाही, पण आठवड्याने पाकीट आलं. त्याला आठ वर्षं झाली. हॉलची पायरी न चढता मी किती सिनेमे पाहिले असतील! फक्त शेवट लिहायचा नाही, ही माझी अट. ती का घातली हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही.

आता तुमच्या नळाचं. त्या नवऱ्याला ती मुलगी आधीपासून माहीत असणार. तिचं काय झालं तेही माहीत असणार. ज्याला माहीत असतं तोच सगळ्यात मोठ्याने सांगतो की इथे काही नाही. बरोबर ना?

भुताबद्दल तुम्ही लिहिलंत ते पटलं. मी एकदा पाहिलंय. सकाळची वेळ होती, वाराही पडला होता, कसला आवाज नव्हता. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. पण तेव्हापासून मला काळोखात मोठा चेहरा समोर येईल अशी भीती वाटते. आता सिनेमाच्या हॉलमध्ये दुसरं काय असतं? म्हणून तुमची पत्रंच बरी.

गोदा भोईर


डोंबिवली पूर्व
१८ फेब्रुवारी २०२५

गोदा,

ओळखलंस. नवऱ्याला सगळं माहीत होतं.

पत्राला उशीर झाला. दोनदा लिहून फाडलं. रमाबाई म्हणाल्या, "फाडायचंच असेल तर रद्दीचा तरी कागद घ्या."

ठाण्याच्या मॉलमध्ये एक जुना सिनेमा पुन्हा लागलाय, 'भरतीची रेघ'. तुमच्या गावच्या मिठागरात ज्याचं शूटिंग झालं तोच हा. कुणीतरी मूळ फिल्म शोधून, धुऊनपुसून, पूर्ण लांबीचा करून आणलाय. एक्क्याऐंशी साली मी तो कल्याणला पाहिला होता. तेव्हा चार खेळ बसवायचे म्हणून थिएटरवाले शेवटचं रीळ कापायचे. अर्धा हॉल चपला शोधत असतानाच दिवे लागायचे.

आता पूर्ण पाहिला. सिनेमा म्हणून सांगायचं, तर पहिला अर्धा भाग लंगडा आहे. सावकाराचं पात्र नाटकातून उचलून आणल्यासारखं वाटतं, मिशा पिळण्यात त्याची दोन रिळं जातात. नायिका मिठात काम करणारी, पण टाचा पाहाव्यात तर गुळगुळीत. पण कॅमेरा! पांढऱ्या वाफ्यांमधून उलटं आभाळ दिसतं आणि माणसं आभाळावरून चालल्यासारखी चालतात. हल्लीचे लोक वरून ड्रोन फिरवतात आणि जमिनीला पाय लावत नाहीत. या माणसाने कॅमेरा चिखलात ठेवलाय.

गोदा, आता बसून वाच. शेवटच्या प्रसंगात मिठाच्या पाट्या घेऊन मजुरांची रांग जाते. त्या रांगेत पाचवा रघू आहे. डोक्याला फडकं, अंगात बंडी, पाय अनवाणी. पुढे जाता जाता तो थांबतो आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघतो. बघू नये, पण बघतो. मोजून तीन सेकंद, मग हसतो. मी चार वेळा गेलो. चारही वेळा तो मलाच बघत होता.

हे रंगपंचमीच्या आदल्या एकदोन दिवसांतलं शूटिंग असणार, तो जायच्या आधीचं. सिनेमा पुढच्या गुरुवारपर्यंत आहे. तू बघावास असं मला वाटतं. नको वाटलं तर नको बघूस.

सीताराम


कोपरी
२२ फेब्रुवारी २०२५

सीतारामभाऊ,

पत्र चार वेळा वाचलं. दर्शनाने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, कांदा चिरत होते. हातात कांदा नव्हता.

शेहेचाळीस वर्षांपूर्वीचं एक तुम्हाला सांगायचं राहिलंय. ते आधी सांगते, मग जायचं की नाही ते ठरवते.

मी सोळा वर्षांची होते. मला कोण सिनेमाला नेणार? तुम्ही दोघं वागळे इस्टेटच्या वर्कशॉपमध्ये शिकायला जायच्या नावाखाली सिनेमे बघायचात. घरी आला की दादा ओट्यावर बसून मला सगळी गोष्ट सांगायचा. मारामारी करून दाखवायचा, नायिकेसारखा लाजून दाखवायचा. शेवट जवळ आला की उठायचा. म्हणायचा, "आता तू सांग गोदे, काय झाला आसंल?" मी सांगायचे. दुसऱ्या दिवशी तो खरा शेवट सांगायचा, म्हणजे रडवून रडवून सांगायचा.

त्या साली होळीच्या आधी त्याने एक सिनेमा सांगितला. दोन भाऊ जत्रेत नाही, नदीच्या पुरात ताटातूट होतात तो. शेवट सांगेचना. आमच्या आगरात शूटिंगवाले आले होते आणि तो सगळा दिवस त्यांच्यामागे. मी चार दिवस मागे लागले. तो म्हणाला, "वेळ नाय गो मना." मला इतका राग आला, की मी जाऊन बाबांना सांगितलं, दादा वाफ्यावर जात नाही, शूटिंगवाल्यांच्या पेट्या उचलतो. बाबांनी त्याला सगळ्या शूटिंगवाल्यांसमोर फावड्याच्या दांड्याने मारलं. तो रडला नाही. माझ्याकडे एकदा बघितलं फक्त.

दुसऱ्या दिवशी रंगपंचमी. खाडीचं पाणी आगरात घेतात त्या उघाडीच्या लाकडी दाराजवळ, बांधावर त्याचा निळा शर्ट आणि चपला सापडल्या. भरती होती. खाडीत आठ दिवस होड्या फिरल्या, पण तो सापडला नाही.

माझा दादा माझ्यामुळे गेला, भाऊ. एका सिनेमाच्या शेवटासाठी. म्हणून त्यानंतर मी कुणालाच शेवट विचारत नाही.

गोदा


कोपरी
२७ फेब्रुवारी २०२५

सीतारामभाऊ,

तुमच्या उत्तराची वाट पाहिली नाही. काल महाशिवरात्रीची दर्शनाला सुट्टी होती. तिला म्हटलं, चल सिनेमाला. ती माझ्याकडे बघतच राहिली.

दिवे गेल्यावर मी तिचा हात धरला. सावकार खरंच वाईट आहे. त्या बाईच्या टाचांचं तुम्ही लिहिलं होतंत, तिच्या हातातलं फावडंही उलटं आहे. पुढचं फार बघितलं नाही, डोळे मिटून शेवटची वाट बघत बसले. दर्शनाने कोपराने ढोसलं, "आई, रांग आली."

पाचवा. माझा दादा. कानाची पाळी वळलेली, डावा खांदा उतरलेला, सगळं तसंच. तुम्ही म्हणालात तीन सेकंद. मला तो अर्धाच सेकंद दिसला, कारण त्याने बघितलं आणि मी पदर तोंडावर घेतला. त्याच्या तोंडाला पांढरं फासलंय. खरं मीठ असं बसत नाही. त्या तोंडाकडे मला बघवेना, का ते नंतर लिहीन.

पण पदर घ्यायच्या आधी मी त्याच्या मागे बघितलं. मी आगरी माणसाची मुलगी. तुम्ही माणसं बघत होतात, मी मीठ बघितलं. त्याच्या मागे बांधावर मिठाच्या राशी आहेत आणि त्या गवताने शाकारलेल्या आहेत. वरून चिखलाचे लपके मारून बसवलेल्या. भाऊ, राशी कधी शाकारतात ते इथल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. पाऊस तोंडावर आला की. अक्षय्य तृतीया उलटल्याशिवाय राशीला कुणी गवत लावत नाही. रंगपंचमीला नुकतं कुठे मीठ निघायला लागतं, राशी उघड्या असतात.

म्हणजे हे शूटिंग मे महिन्यातलं आहे. दादा मार्चमध्ये बुडाला. मग मे महिन्यात पाटी घेऊन कोण चाललंय?

तुम्ही लिहिलंत, "तो जायच्या आधीचं." तुम्ही चार वेळा पाहिलात. पत्र दोनदा फाडलंत. आणि मी तुम्हाला जानेवारीत नळाच्या सिनेमाचं काय लिहिलं होतं, ते मला रात्री आठवलं आणि मी उठून बसले.

मी शेवट विचारत नाही, तुम्हाला माहीत आहे. आज विचारते. शेवट सांगा.

गोदा


डोंबिवली पूर्व
१९ मार्च २०२५, रंगपंचमी

गोदा,

उत्तराला तीन आठवडे लागले. तुझी पत्रं रमाबाईंनी वाचली. मग म्हणाल्या, "ती बाई शेहेचाळीस वर्षं स्वतःला खुनी समजतेय आणि तुम्ही तिला सिनेमाच्या गोष्टी लिहिताय." खाली मुलं रंग खेळतायत. आज नाही लिहिलं तर मग होणारच नाही.

रघू बुडाला नव्हता. त्याने जीवही दिला नव्हता. रंगपंचमीच्या सकाळी शूटिंगवाल्यांना रांगेत एक मजूर कमी पडला. त्यांनी रघूला बंडी दिली. त्याने शर्ट आणि चपला बांधावर काढल्या आणि रांगेत उभा राहिला. दुपारी सामान ट्रकमध्ये भरलं, तेव्हा पेट्या चढवायला तोही चढला आणि तसाच गेला. मार ताजा होता. शर्ट आणायला परत घराच्या दिशेने जायचं त्याच्या जिवावर आलं. त्या शर्टाचा कुणी असा अर्थ लावेल हे त्याच्या डोक्यातही नव्हतं.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. तुझे बाबा आमच्या चाळीत आले, माझी गचांडी धरून म्हणाले, "तुझ्या नादाने गेला पोरगा." त्याआधी एकदा त्यांनी मला तुमच्या ओट्यावरून उठवलं होतं, आत जायचा तर प्रश्नच नव्हता. मीही रघू मेला असंच समजून रडलो.

मे महिन्यात एका दुपारी तो वर्कशॉपच्या फाटकाशी उभा! मी किंचाळायचाच बाकी होतो. म्हणाला, शेवटचा प्रसंग भांडुपकडच्या आगरात घेतायत, चल बघायला. तो प्रसंग संध्याकाळी घेतला. तू पाहिलास तो. मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभा होतो, गोदा. तो हसला ते मला बघून. गावात काय समजतायत ते मी त्याला सांगितलं. रात्री आमच्या खोलीवर राहिला. मीठ दिसावं म्हणून तोंडाला, हाताला पांढरं फासलं होतं, ते धुऊन नीट निघालंही नव्हतं. सकाळी म्हणाला, घरी जातो. "पयले गोदीला शेवट सांगीन, मंग बापाचा मार खाईन." वाटेत तो शेवट त्याने मला दोनदा म्हणून दाखवला. तुला कसा रडवत सांगायचा त्याची तालीम.

आम्ही बांधावरून येत होतो. खाडीकडे माणसं बसलेली दिसली. तुझे बाबा, काका, भटजी, बाजूला बायका. पिंड मांडले होते आणि शेजारी तो निळा शर्ट घडी घालून ठेवला होता. देह मिळाला नाही म्हणून दर्भाचा पुतळा करून त्याचे दिवस घातले होते आणि त्या दिवशी दहावा होता. पावसाच्या आत उरकायचं ठरलं होतं, हे मला नंतर कळलं.

रघू उभाच राहिला. आम्ही कल्याणला मागच्या बाकावर बसून सिनेमा बघायचो तसा तो स्वतःचा दहावा बघत होता. मी म्हणालो, हाक मार. त्याने हात वर केला. तेवढ्यात तू मान वर केलीस. तू त्याला पाहिलंस. मग तू तोंड फिरवलंस आणि आईच्या कुशीत डोकं घातलंस.

त्याने हात खाली घेतला. म्हणाला, "तिनी बघला मना. बघून तोंड फिरवला. चल सीताराम." मी म्हणालो, अरे, लांबून ओळखलं नसेल. तो म्हणाला, "गोदीला मी ओळखू नाय येनार?" आणि उलटा चालायला लागला. मी त्याच्या मागे गेलो. मी ओरडायला हवं होतं. एक हाक पुरली असती. पण तिकडे तुझे बाबा होते आणि माझ्या गळ्यावर त्यांची बोटं अजून होती. मी घाबरलो. हे सरळ लिहितो, त्याला दुसरं नाव नाही.

त्याने शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. दोन कार्डं आली, दोन्ही कोल्हापूरहून. दुसरं ब्याऐंशी सालचं. तंबूतल्या सिनेमाचं मशीन चालवतोय, गावोगाव फिरतोय, मजेत आहे, असं होतं. पुढे कार्ड नाही. मी चौऱ्याऐंशीला शोधायला गेलो. तो तंबू विकला गेला होता आणि मशीनवाला कुठे गेला ते कुणाला सांगता आलं नाही. तो आहे की नाही, मला माहीत नाही. या वेळी लपवत नाही, खरंच माहीत नाही.

सुरुवातीला शपथेमुळे गप्प राहिलो. नंतर, आता कोणत्या तोंडाने सांगू, म्हणून गप्प राहिलो. आणि तुझी ही पत्रं येईपर्यंत, तू जाणूनबुजून तोंड फिरवलंस असं मीही मानत होतो. वाटायचं, हिलाच तो नको होता, मग हिला काय सांगायचं? आठ वर्षांपूर्वी तू म्हणालीस, दादासारखी गोष्ट सांगा, तेव्हा मी हादरलो. तेव्हापासून लिहितोय. सिनेमा तुला दाखवावा आणि खोटंही टिकवावं, असं दोन्ही मला हवं होतं. तू कुणाची मुलगी आहेस ते विसरलो.

सहा एप्रिलला, रविवारी सकाळी, इथल्या फिल्म क्लबने 'भरतीची रेघ' लावलाय. तुला यायचं असेल तर दारावर तुझं नाव सांगून ठेवतो. मला भेटायचं नसेल तर मी लांब बसेन.

पुरातल्या दोन भावांचा शेवट मला पाठ आहे. रघूने दोनदा सांगितला होता. तू म्हणशील तेव्हा लिहीन.

सीताराम


कोपरी
७ एप्रिल २०२५

सीतारामभाऊ,

काल तुम्ही माझ्या मागे तिसऱ्या रांगेत होतात. मी बघितलं होतं. बोलले नाही, कारण बोलले असते तर ओरडले असते.

मी तुमच्यावर रागावले आहे. आई दोन हजार एक साली गेली. शेवटपर्यंत म्हणायची, माझ्या पोराच्या पिंडाला कावळा शिवायला दुपार झाली, त्याचा जीव कशात अडकला होता ते मला कळलं नाही. तुम्हाला माहीत होतं. एक कार्ड तिला दाखवलं असतंत, तर ती सुखाने गेली असती. हे मी विसरणार नाही. तुम्हीही विसरू नका.

आता माझं ऐका. जानेवारीत मी लिहिलं होतं, की मी भूत पाहिलंय. ते त्या सकाळचं. कावळा येत नव्हता. मी मनात म्हणत होते, दादा, चुकले, पुन्हा कधी चहाडी करणार नाही, शेवट विचारणार नाही, पण ये आणि शीव. आणि मान वर केली तर बांधावर तो. तोंड पांढरंफटक, हात पांढरे, हात वर करून मला बोलावतोय. मला वाटलं, मला न्यायला आलाय. आईच्या कुशीत तोंड खुपसलं. पुन्हा बघितलं तर बांध रिकामा. मला महिनाभर ताप होता. बाबा भगताकडे घेऊन गेले, त्याने अंगारा लावला, दंडाला दोरा बांधला. म्हणाला, भावाचा आत्मा हिच्या मागे आहे, हिला काळोखात एकटी सोडू नका. लग्न झाल्यावरही मी दिवा लावून झोपायचे. आमच्या ह्यांनी कधी कारण विचारलं नाही, देवमाणूस.

पावडर होती ती. सिनेमावाल्यांची पावडर. मी शेहेचाळीस वर्षं तिला घाबरले.

माझा जिवंत दादा घरी येत होता. मला शेवट सांगायला. आणि मी त्याला भूत समजले, आणि त्याला वाटलं, मला तो नको आहे. तो असेल तिथे अजूनही तसंच समजत असेल. तुम्ही म्हणता, एक हाक पुरली असती. माझीही पुरली असती, भाऊ. म्हणून तुमच्यावर रागावताना माझा आवाज मलाच पूर्ण मोठा करता येत नाही.

पुरातल्या भावांचा शेवट पत्रात लिहू नका. माझा राग उतरला की मी कळवीन, मग घरी या आणि तोंडाने सांगा, त्याने म्हणून दाखवला तसा. किती दिवस लागतील ते माहीत नाही. आलात की ओट्यावर बसायचं नाही, आत यायचं. रमावहिनींनाही आणा.

काल मी एकटी आले होते. दर्शना सोबत येते म्हणाली, तिला नको म्हटलं. दिवे गेले तरी बसून राहिले. सावकार झाला, ती गुळगुळीत टाचांची बाई झाली. रांग आली. एक, दोन, तीन, चार. मी पदर मांडीखाली दाबून ठेवला होता, हात वर जाऊ नये म्हणून.

दादा थांबला. त्याने बघितलं. तेच पांढरं तोंड होतं आणि पडद्यावर ते एवढं मोठं झालं, की बाकी काही उरलं नाही. मग तो हसला. या खेपेला मी तोंड फिरवलं नाही.

गोदा